बिबट्या, तरस की गावकुत्रं?

शेळी बिबट्याने मारली तर शासन पैसे देतं; गावातल्या मोकाट कुत्र्यांनी मारली तर देत नाही. महाराष्ट्रात 2022 साली वाढवलेल्या दरांनुसार शेळी-मेंढीसाठी बाजारभावाच्या 75 टक्के किंवा 15,000 रुपये, यांत कमी असेल ती रक्कम मिळते. गाय, म्हैस, बैलासाठी हीच मर्यादा 70,000 रुपये आहे. भरपाईच्या यादीत वाघ-बिबट्याबरोबर लांडगा, तरस, कोल्हा आणि रानकुत्राही आहे. रानकुत्रा म्हणजे जंगलातला कोळसुंदा, गल्लीतलं कुत्रं नव्हे. त्यामुळे कन्नड-सोयगावच्या डोंगरकडेला एखाद्या वस्तीवर सकाळी अर्धवट खाल्लेली शेळी दिसली की ‘कोणी मारली?’ हा प्रश्न नुसता प्राणिशास्त्राचा राहत नाही. मालकाला उत्तर बिबट्या असावं असं वाटतं, आणि त्यात त्याला दोष देण्यासारखं काही नाही.

या प्रश्नावर दोन माणसांचा जुना वाद आहे. एक आहेत निवृत्त वनपाल. गौताळा-औट्रमघाट अभयारण्याच्या रानात त्यांची निम्मी नोकरी गेली आणि मेलेल्या जनावरांचे पंचनामे त्यांनी पोटभर केले. दुसरी आहे छत्रपती संभाजीनगरात राहून उत्खननातल्या हाडांचा अभ्यास करणारी संशोधक. तिची जनावरं निदान तीन हजार वर्षांपूर्वी मेलेली असतात. ते तिला मॅडम म्हणतात, ती त्यांना काका. दोघांचं पटतं, पण एका बाबतीत नाही. काकांचं म्हणणं, दातखूण बघून जनावर सांगता येतं. तिचं म्हणणं, बहुतेक वेळा येत नाही.

या वेळी वादाला निमित्त होतं ओढ्यात सापडलेलं शेळीच्या मांडीचं हाड. दोन्ही टोकं कुरतडलेली, दांड्यावर आडवे ओरखडे, मध्ये दोन-तीन खळगे.

“बिबट्या,” काका म्हणाले. “पंधरा दिवसांखाली वरच्या वस्तीवरची शेळी उचलली होती. ठसे मी स्वतः पाहिलेत. तिचंच हाड हे.”

“शेळी बिबट्याने उचलली असेल, काका. हाड बिबट्याने चावलेलं नाही.”

“म्हणजे काय सांगायलात तुम्ही?”

तिने हाड फिरवून दाखवलं. मांजरकुळातल्या प्राण्यांच्या दाढा कात्रीसारख्या चालतात. त्या मांस कापायला बनलेल्या आहेत, हाड फोडायला नाहीत. बिबट्या फासळ्यांची टोकं खातो, कोवळी हाडं मोडतो, पण जाड नळीच्या टोकाशी बसून तासभर चघळत राहणं त्याच्या स्वभावात नाही. ते काम कुत्र्याचं, लांडग्याचं, कोल्ह्याचं. पुढचे दात आणि दाढा लावून ते हाडाचं मऊ टोक खरवडत जातात, तिथे चर पडतात आणि शेवटी दांडा पोकळ नळीसारखा उरतो. तरस त्याच्याही पुढे जातं. त्याच्या जाड, बोथट, शंकूसारख्या दाढांखाली नळी फुटते, आतली मज्जा जाते आणि हाडाचे तुकडेही पोटात जातात. तरसाची विष्ठा वाळली की खडूसारखी पांढरी पडते, ती त्यातल्या कॅल्शियममुळे.

“म्हणून या हाडावर मला कुत्र्याची जात दिसते,” ती म्हणाली. “कुत्रं, लांडगा की कोल्हा, ते विचारू नका.”

“का नको? कोल्ह्याचा दात केवढा आणि लांडग्याचा केवढा!”

इथे ती अडली नाही, उलट खुलली. जनावर मेल्यानंतर त्याच्या हाडांचं काय काय होतं, याचा अभ्यास म्हणजे टॅफोनॉमी. त्या शास्त्रात दातखुणांचे चार ढोबळ प्रकार मानतात: खळगा, आरपार गेलेलं भोक, ओरखडा आणि चर. अमेरिकन पुरातत्त्वज्ञ लुईस बिनफर्ड यांनी 1981 च्या पुस्तकात ही विभागणी रूढ केली. त्यानंतर कितीतरी अभ्यासकांनी खळग्यांची लांबी-रुंदी मोजून प्राणी ओळखता येतो का, ते पाहिलं. स्पेनच्या मॅन्युएल दोमिंगेझ-रोद्रिगो आणि आना पिकेरास यांनी 2003 मध्ये मांडलेला निष्कर्ष आजही उपयोगी पडतो: आकारावरून लहान भक्षक आणि मोठे भक्षक असे गट पाडता येतात, पण गटातला नेमका प्राणी सांगणं अवघड. शिवाय खळगा कुठे पडला यावर त्याचा आकार ठरतो. ओल्या मातीत आणि वाळलेल्या ढेकळावर एकच बोट दाबलं तर खूण सारखी उमटत नाही. हाडाचं मऊ टोक आणि कठीण दांडा यांचंही तसंच. कोल्ह्याने टोकावर पाडलेलं भोक लांडग्याने दांड्यावर पाडलेल्या खळग्यापेक्षा मोठं असू शकतं.

काकांनी हे ऐकून घेतलं, पण मान डोलावली नाही. मोजपट्टी त्यांनीही वापरली आहे. गळ्यावर दोन सुळ्यांची भोकं असली की त्यांच्यातलं अंतर ते मोजायचे. वाघाच्या सुळ्यांमधलं अंतर बिबट्यापेक्षा चांगलंच रुंद, कोल्ह्याचं अगदीच अरुंद. “यात चुकायचं काय?”

“दोन टोकं बरोबर येतात,” ती म्हणाली, “मधले घोटाळतात. मोठ्या गावठी कुत्र्याचे, लांडग्याचे आणि लहान मादी बिबट्याचे सुळे मोजून बघा. अंतरं एकमेकांत मिसळतात. नेमका तुमचा तंटा याच तिघांत असतो.”

यावर काका थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी आपला मुख्य मुद्दा काढला, आणि या लेखाच्या दृष्टीने त्या दिवशीचं सगळ्यात महत्त्वाचं बोलणं तेच होतं.

“मॅडम, तुम्ही हाड बघता. मी मढं बघायचो.”

पंचनाम्याला गेल्यावर ते दातखुणेकडे सगळ्यात शेवटी वळत. आधी जागा: झटापट कुठे झाली, जनावर किती ओढत नेलं, ठसे कुणाचे, कुंपणावर केस अडकलेत का. मग मढं. बिबट्या गळा धरतो आणि श्वास कोंडेपर्यंत सोडत नाही. म्हणून भोकं थोडी, खोल आणि गळ्याशी. गावकुत्र्यांच्या टोळक्याला असं नेमकं मारता येत नाही. ती मागून धावतात. मांड्या, शेपूट, कान, पोट, जिथे तोंड पोचेल तिथे लचके तोडतात. एकाच रात्री वाड्यात दहा शेळ्या पडल्या आणि एकही धड खाल्लेली नसली, तर काकांना कुत्र्यांचा संशय यायचा. बिबट्याही बंद गोठ्यात शिरला तर गरजेपेक्षा जास्त जनावरं मारतो, म्हणून तेवढ्यावर ते थांबत नसत. खायला सुरुवात कुठून झाली, तेही ते बघत. वाघ बहुधा पुठ्ठ्यापासून सुरू करतो, बिबट्या पोट किंवा छाती उघडतो, अशी शिकाऱ्यांपासून चालत आलेली समजूत आहे. तिला अपवाद भरपूर आहेत, हे काकाही मान्य करतात.

“आणि सगळ्यात शेवटी कातडं सोलायला लावायचो डॉक्टरला.”

पशुवैद्यकाने गळ्याचं कातडं सोललं की सुळ्यांच्या भोवती आत रक्त साकळलेलं दिसतं, किंवा दिसत नाही. काळंनिळं साकळलेलं असेल तर जनावर जिवंत असताना चावा बसला. नसेल तर ते आधीच मेलेलं होतं आणि कुणीतरी नंतर येऊन खाल्लं. विषबाधेने किंवा फुगून मेलेली गाय रात्रीतून तरसाने फाडली, तर सकाळी ती ‘तरसाने मारलेली’ दिसते. मारणारा आणि खाणारा वेगळे, हे ओळखण्याचा त्याहून सोपा उपाय नाही. मात्र तो पहिल्या दिवशीच चालतो. उन्हाळ्यात मराठवाड्यातल्या उन्हात दुपारपर्यंत मढं फुगतं, आणि कुत्र्या-कावळ्यांनी ते फोडलं की सोलायला कातडंच उरत नाही.

संशोधक म्हणाली, “हेच तर मी सांगतेय. माझ्या हाडावर कातडं नसतं. रक्त नसतं. ठसे नसतात. हाडावर बहुधा शेवटी जेवून गेलेल्याची खूण असते. बिबट्याने मारली, तरसाने ओढली, कुत्र्यांनी चघळली. मला फक्त कुत्री दिसतात.”

म्हणजे दोघं एकच बोलत होते का? पुरतं नाही. काकांना अजूनही वाटत होतं की पुरेशा कसलेल्या डोळ्याला हाड बोलतं. संशोधकेला कसलेल्या डोळ्याचीच धास्ती होती.

तिने बकलंडची गोष्ट सांगितली. इंग्लंडमधल्या यॉर्कशायर परगण्यात कर्कडेल इथे 1821 मध्ये खाण खणताना एक गुहा उघडी पडली. तीत हत्ती, गेंडा, पाणघोडा, तरस यांची तुकडे झालेली हाडं खच्चून भरली होती. हाडं महापुराने वाहून आणली असं म्हणणं तेव्हा सोपं होतं. ऑक्सफर्डचे विल्यम बकलंड म्हणाले, हे तरसांचं बीळ आहे. हाडं त्यांनी आणून फोडली. मग त्यांनी नुसतं मत देऊन न थांबता प्रयोग केला. फिरत्या प्राणिसंग्रहालयातल्या जिवंत तरसाला बैलाचं हाड घातलं आणि उरलेले तुकडे गुहेतल्या तुकड्यांशेजारी ठेवले. ते सारखे निघाले. गुहेत तरसाची विष्ठाही सापडली होती. या शास्त्राचा पहिला धडा असा तरसाच्या तोंडून गिरवला गेला, आणि तो प्रयोगाचा होता, नजरेचा नव्हता.

“मग आपल्या सिद्धार्थ उद्यानातल्या वाघ-बिबट्यांना शेळीच्या नळ्या घाला की,” काका म्हणाले. “प्राणिसंग्रहालय शहरातच आहे. मोजा बसून.”

कल्पना वाईट नाही. जगभर असंच केलं जातं. पण तिथेही खोट आहे. पिंजऱ्यातल्या प्राण्याला काम नसतं. तो हाड चघळत बसतो, रानातला त्याचा भाऊ मांस संपलं की निघून जातो. पिंजऱ्यातल्या आणि रानातल्या सिंहांनी खाल्लेल्या हाडांची तुलना झाली, तेव्हा बंदिवानांनी हाडांची नासधूस जास्त केलेली आढळली. प्राणिसंग्रहालयातल्या बिबट्याच्या खुणा घेऊन गौताळ्यातल्या बिबट्याला पकडायला गेलो तर चुकीचा माल हाती लागेल.

नजर कशी फसते याचा तिने दिलेला दुसरा दाखला जास्त झोंबरा होता. दक्षिण आफ्रिकेतल्या गुहांमधली मोडकी हाडं पाहून रेमंड डार्ट यांनी 1950 च्या दशकात ठामपणे लिहिलं की आदिम मानवसदृश प्राणी हाडं, दात आणि शिंगं हत्यारं म्हणून वापरत होते आणि ते खुनशी शिकारी होते. नंतर सी. के. ब्रेन यांनी वर्षानुवर्षं बिबट्या, तरस आणि साळिंदरांनी साठवलेली हाडं गोळा करून पाहिली. डार्ट यांना हत्यारं वाटलेल्या हाडांची मोडतोड प्राण्यांच्या तोंडची होती. उलट स्वार्टक्रान्सच्या गुहेतल्या एका पोरगेल्या मानवसदृशाच्या कवटीवर दोन भोकं होती. ब्रेन यांनी तिथल्याच एका बिबट्याचा खालचा जबडा धरून पाहिला, तर सुळे त्या भोकांत बसले. शिकारी समजला गेलेला प्राणी स्वतःच शिकार निघाला.

“बघा! सुळे बसले!” काका हरखले. “मी वेगळं काय सांगायलो?”

“बसले, हे खरं. पण बिबट्याचे बसले म्हणजे दुसऱ्या कुणाचे बसलेच नसते, असं होत नाही. ब्रेन यांनी संशयित नक्की केला, तो गुहेतली बाकी सगळी हाडं आणि आजूबाजूचे पुरावे जोडून. तुम्ही मढ्याशी जे करता तेच.”

साळिंदराचं नाव निघालं तेव्हा काकांनी ओढ्यातलं हाड पुन्हा उचललं. साळिंदर मांसाहारी नाही, तरी वाळकी हाडं कुरतडतं आणि बिळाशी जमा करतं. दात झिजते ठेवण्यासाठी आणि हाडातल्या क्षारांसाठी. त्याच्या पुढच्या दातांच्या खुणा रुंद, सपाट, एकमेकींना लागून पडलेल्या असतात. गौताळ्यात साळिंदर आहे. हाडावरचे काही ओरखडे त्याचे असू शकतात, असं दोघांनीही कबूल केलं. आणि काही दातांचे नसतीलही. काळ्या मातीत गुरांच्या खुरांखाली खडे हाडावर घासले तरी बारीक समांतर रेषा उमटतात. सुरीच्या आणि दातांच्या खुणांशी त्यांची गल्लत झाल्याचे दाखले पुरातत्त्वात कमी नाहीत.

पुरातत्त्वात ही गल्लत महाग पडते. पैठणच्या परिसरातच या प्रश्नाचं एक जुनं उदाहरण आहे. 1865 साली वाइन नावाच्या भूवैज्ञानिकाला गोदावरीकाठी मुंगीजवळ, प्राण्यांची जीवाश्म हाडं असलेल्या गाळात, अकीक दगडाचा घडीव छिलका सापडला. हे माणसाचं हत्यार, आणि आसपास नामशेष झालेल्या जनावरांची हाडं. गोदावरीच्या खोऱ्यातल्या जुन्या गाळात हत्ती, पाणघोडा, रानबैल यांचे अवशेष मिळाले आहेत. हत्यार आणि हाड एकाच थरात मिळालं म्हणून माणसाने ते जनावर मारलं असं ठरत नाही. नदी दोघांनाही वेगवेगळ्या जागांहून आणून एकत्र टाकू शकते. अशा वेळी हाडावरची एकेक खूण बघावी लागते. सुरीची खूण आधी आणि तिच्यावरून दात गेला, तर माणूस पहिला. दाताची खूण आधी, तर माणूस उरलंसुरलं वेचायला आलेला. आफ्रिकेतल्या ओल्डुवाईच्या हाडांवरून हाच वाद 1980 च्या दशकापासून चालू आहे: आपले पूर्वज शिकारी होते की दुसऱ्यांची शिकार वेचणारे?

“तिथे आता संगणक आलाय म्हणे,” काका म्हणाले. ते बातम्या वाचतात.

आला आहे. खळग्यांचे सूक्ष्मदर्शकातून काढलेले फोटो शिकवून संगणकाकडून प्राणी ओळखण्याचे प्रयत्न गेली काही वर्षं जोरात आहेत. 2025 मध्ये एका स्पॅनिश गटाने ओल्डुवाईच्या होमो हॅबिलिस या आदिमानवाच्या हाडांवरचे खळगे अशाच पद्धतीने बिबट्याचे ठरवले. मात्र या पद्धतीवर दुसऱ्या अभ्यासकांचे आक्षेपही आहेत. संगणकाला शिकवलेले नमुने थोडे असतील, किंवा सगळे ताज्या हाडांवरचे असतील, तर हजारो वर्षं झिजलेल्या खुणेवर तो आत्मविश्वासाने चूक उत्तर देतो. ज्याचं उत्तर त्याला शिकवलेलंच नाही, त्या प्राण्याचं नाव तो घेणारच नाही. संशोधकेला हे फार पटतं. लिहिणाऱ्याला वाटतं की कसलेल्या डोळ्यावरचा तिचा आक्षेप आणि संगणकावरचा हा आक्षेप मुळात एकच आहेत.

गावाच्या प्रश्नावर दोघांचं शेवटी एका गोष्टीवर एकमत झालं, तेही अर्धंच: लाळ. चाव्याच्या जागेवरून कापसाच्या बोळ्याने लाळेचा नमुना घेतला तर डीएनएवरून प्राण्याची जात कळू शकते. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेची लॅकोन्स ही प्रयोगशाळा वन्यजीवांच्या अशा तपासण्यांसाठी ओळखली जाते. पण मारणाऱ्यानंतर तीन जणांनी खाल्लं असेल तर लाळही तिघांची मिळते. म्हणून नमुना गळ्यावरच्या, रक्त साकळलेल्या चाव्यातून घ्यावा लागतो. पुन्हा पहिला दिवस, पुन्हा मढं.

“एका शेळीसाठी डीएनए कोण करतं?” काका म्हणाले. ते बरोबर बोलले. ही तपासणी माणूस मेला तर होते. पैठण तालुक्यातल्या आपेगावला नोव्हेंबर 2020 मध्ये बिबट्याने बाप-लेकाचा जीव घेतला, तेव्हा सगळा मराठवाडा हादरला होता. पुढे डिसेंबरात करमाळा तालुक्यात वांगीजवळ एका बिबट्याला गोळी घालण्यात आली आणि त्या हल्ल्यांशी त्याचा संबंध जोडला गेला. हल्ला बिबट्याचा आहे एवढं कळून तिथे भागत नव्हतं. कोणत्या बिबट्याचा, हा प्रश्न होता. तो दातखुणेने सुटत नाही, हे सांगायला संशोधकेची गरज नाही.

बिबट्या आता डोंगरातच राहतो असंही नाही. 3 डिसेंबर 2019 रोजी तो थेट शहरात, सिडको एन-1 मध्ये शिरला आणि बेशुद्ध करून पकडावा लागला. जुलै 2024 मध्ये उल्कानगरीत तो सीसीटीव्हीत दिसला. मार्च 2021 मध्ये गौताळ्याच्या कॅमेऱ्यात चक्क वाघ आला, टिपेश्वर अभयारण्याकडून चालत आलेला. तिथे कित्येक दशकांत वाघ नव्हता. म्हणजे पंचनामा करणाऱ्याच्या संशयितांच्या यादीत एक नाव वाढलं. आणि हो, मोकाट कुत्र्यांच्या टोळ्याही वाढल्याच आहेत.

त्यामुळे लिहिणाऱ्याचं मत असं: पंचनाम्याच्या कागदावर प्राण्याच्या नावासाठी एकच रकाना ठेवून पंधरा दिवसांच्या हाडावरून तो भरायला लावणं, हे वनरक्षकाला अंदाज करायला भाग पाडणं आहे. ‘नक्की’, ‘बहुधा’ आणि ‘सांगता येत नाही’ अशा तीन पायऱ्या तिथे असायला हव्यात. कुत्र्यांनी मारलेल्या शेळीचा पैसाही कुठल्या तरी खात्यातून मिळायला हवा. ती सोय नाही, म्हणूनच प्रत्येक मेलेल्या शेळीपाशी बिबट्या उभा केला जातो, आणि मग पिंजऱ्याची मागणी येते. यावर काका म्हणाले, “लिहा तसं.” संशोधक म्हणाली, “पण पायऱ्या कशाने ठरवायच्या तेही लिहा.” ते काम खात्याचं आहे.

तोवर शेतकऱ्याला एवढंच सांगता येईल. जनावर मेलेलं दिसलं तर ते हलवू नका, ओढ्यात टाकू नका, कातडं काढू देऊ नका. जवळपासचे ठसे घमेल्याने झाका, कुत्री दूर ठेवा. मोबाइलने फोटो काढताना चाव्याशेजारी नाणं किंवा पट्टी ठेवा. आणि 48 तासांच्या आत वनखात्याला कळवा. राज्याच्या वनविभागाचा ‘हॅलो फॉरेस्ट’ क्रमांक 1926 आहे.